एक क्युसेकही नाही

ग्रँड कॅन्यनबद्दल अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस एक आकडा देते: ४.१७ लाख कोटी घनमीटर. कोलोरॅडो नदीने ॲरिझोनाच्या पठारात कोरलेल्या दरीत आज जेवढी हवा मावते, तिचं हे आकारमान. एवढा दगड तिथे होता आणि आता नाही. हे वाचून ढिम्म काही होत नाही, कारण ‘लाख कोटी’ आपल्याला फक्त अर्थसंकल्पातून आणि घोटाळ्यांतून माहीत. धरणांच्या भाषेत सांगितलेलं बरं. हे झाले सुमारे १ लाख ४७ हजार टीएमसी. कोयना काठोकाठ भरली की १०५ टीएमसी. म्हणजे चौदाशे कोयना. आख्खी कोलोरॅडो, आज जशी वाहते तशी, या दरीत कोंडून ठेवली आणि एक थेंब पुढे जाऊ दिला नाही, तरी दरी भरायला २७० वर्षं लागतील.

आता भागाकार. बहुतेक भूशास्त्रज्ञ ही दरी, आज दिसते त्या रूपात, ५० ते ६० लाख वर्षांची मानतात. (तिचे काही तुकडे फार जुने आहेत असंही मत आहे. २०१२ मध्ये दोन संशोधकांनी थेट सात कोटी वर्षांचा दावा केला आणि त्यावरून चांगलीच जुंपली.) आपण मधले ५५ लाख धरू. वर्षाला साडेसात लाख घनमीटर दगड. दिवसाला दोन हजार. सेकंदाला २४ लिटर.

चोवीस लिटर! एक क्युसेक म्हणजे २८.३ लिटर. दर पावसाळ्यात ‘खडकवासल्यातून अमुक हजार क्युसेक विसर्ग’ वाचणाऱ्या माणसाचा इथे हिरमोड होणारच. जगातली सर्वांत गाजलेली दरी खोदणाऱ्या नदीतून झालेला दगडाचा विसर्ग सरासरी एक क्युसेकही नाही. खोलीचा हिशेब मांडला तर तो वर्षाला पाव मिलिमीटरच्या जरासा वर जातो.

गणित बरोबर आहे. तरीही या आकड्यावर माझा विश्वास नाही, कारण तो सरासरीचा आहे, आणि वाळवंटात सरासरीइतकं फसवं काही नसतं. सेकंदाला २४ लिटर असं तिथे बहुधा एकाही सेकंदाला घडलेलं नाही. वर्षानुवर्षं काही हलत नाही, आणि मग एखाद्या दुपारी तासाभरात गाडीएवढे धोंडे गडगडत जातात. लास व्हेगसहून निघून पेज, ॲन्टलोप कॅन्यन, हॉर्सशू बेंड आणि ग्रँड कॅन्यन अशी चक्कर अमेरिकेतली आपली मंडळी मारतातच. लेकीकडे सहा महिने राहायला आलेल्या आईबाबांसाठी तर ती ठरलेली. त्या वाटेवर जे जे बघायला थांबतात, ते बहुतेक अशा अवचित घटनांनी घडवलेलं आहे.

साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेकडच्या काठावर, सगळी गर्दी माथर पॉइंटच्या कठड्याशी असते. या पार्कात वर्षाला पन्नासेक लाख माणसं येतात आणि त्यातली बहुतेक कठड्यावरूनच परततात. दोष त्यांचा नाही. समोरचं इतकं मोठं आहे की डोळा त्याचं चित्र करून टाकतो. सोळा किलोमीटरवरचा पलीकडचा काठ रंगवलेल्या पडद्यासारखा सपाट दिसू लागतो आणि पाच मिनिटांत आपण कॉफी कुठे मिळेल ते पाहू लागतो. अशा वेळी सरळ यावापाईचं भूशास्त्र संग्रहालय गाठावं. तिथून ‘ट्रेल ऑफ टाइम’ नावाची पायवाट निघते. २०१० मध्ये खुली झालेली ही वाट सपाट, डांबरी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपेल अशी. गंमत एवढीच की तिच्यावरचा एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. जमिनीत मीटरामीटरावर ब्राँझच्या खुणा ठोकल्या आहेत. आपण आजपासून मागे चालत जायचं.

होमो सेपियन्स ही आपली जात साधारण तीन लाख वर्षांची, म्हणजे पहिल्या फुटातच संपली. शिवराज्याभिषेक मिलिमीटरच्या एक तृतीयांशावर. समोरची अवाढव्य दरीसुद्धा पाच-सहा मीटरांत आटोपते, त्यापलीकडे ती नव्हतीच. पुढे ६६व्या मीटरला मराठी माणसाने जरा थांबावं. दख्खनच्या पठारावर लाव्हारस पसरत होता तो हा काळ. सह्याद्रीचा काळा कातळ इथला. आणि ज्या काठावर आपण उभे आहोत त्याच्या सर्वांत वरच्या थराचा, कैबाब चुनखडकाचा क्रमांक लागतो २७०व्या मीटरला. म्हणजे ग्रँड कॅन्यनचा सर्वांत वरचा थरसुद्धा सह्याद्रीहून वीस कोटी वर्षांनी थोरला, आणि ग्रँड कॅन्यन ही दरी मात्र सह्याद्रीच्या कातळाहून सहा कोटी वर्षांनी धाकटी. दगड म्हातारा, दरी पोरसवदा. हे एकदा डोक्यात शिरलं की कठड्यावरचं चित्र चित्र राहत नाही.

वाटेच्या कडेला दरीतल्या थरांचे खरे दगड आणून मांडलेत, त्यांना हात लावता येतो. पावणेदोन किलोमीटरच्या आसपास एक काळसर, पापुद्र्यांचा, चकाकणारा दगड येतो. त्याचं नाव विष्णू शिस्ट. वय सुमारे १७५ कोटी वर्षं. जवळच ब्रह्म शिस्ट आणि राम शिस्टही आहेत. ही आपल्या कोणा भाविकाची करामत नव्हे. १८८०च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाचा भूशास्त्रज्ञ इथे सर्वेक्षण करत होता. दरीतून वर आलेले सुळके त्याला पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले. त्याने एकाला विष्णू टेम्पल म्हटलं, एकाला शिवा टेम्पल. पुढच्यांनी तोच धडा गिरवला आणि नकाशावर ब्रह्मा, राम, कृष्ण, मनू, बुद्ध, झरतुष्ट्र अशी सर्वधर्मपरिषद भरली. दगडाच्या वयाला साजेशी नावं इंग्रजीत सापडली नसावीत, हा माझा अंदाज.

शिवा टेम्पलची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा सुळका वर सपाट आहे, झाडीने भरलेला, आणि काठापासून तुटलेला. हजारो वर्षं अशा तुटलेल्या माथ्यावर राहून तिथले प्राणी वेगळे झाले असतील, या कल्पनेने न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९३७ मध्ये मोहीम काढली. वृत्तपत्रांनी तर तिथे डायनोसॉरच फिरवले. मोहीम वर पोचली, तळ पडला, उंदीर-खारी पकडल्या गेल्या. सगळे काठावरच्यासारखेच निघाले. सापडलेली एकमेव विचित्र वस्तू म्हणजे कोडॅक फिल्मचा रिकामा खोका. काठावर फोटो स्टुडिओ चालवणारा एमरी कोल्ब आधीच वर जाऊन आला होता. मोहिमेत त्याला कोणी विचारलं नव्हतं, त्याचा राग त्याने असा काढला.

पुन्हा दगडाकडे. विष्णू शिस्टच्या थेट डोक्यावर, दरीत अनेक ठिकाणी, टॅपिट्स नावाचा वाळूचा खडक बसलेला आहे. त्याचं वय ५० कोटींच्या जरा वर. मधली सुमारे १२० कोटी वर्षं गायब. डोंगर उभे राहिले, झिजले, सपाट झाले आणि त्या सपाटीवर समुद्राने वाळू आणून टाकली. झिजण्याचा पुरावा झिजेबरोबरच गेला. नदीतून जाणारे लोक ब्लॅकटेल नावाच्या बाजूच्या घळीत नाव लावतात आणि हा सांधा हाताने बघतात. अंगठा खालच्या काळ्या दगडावर, करंगळी वरच्या तपकिरी थरावर. मधल्या वितीत पृथ्वीच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. तो सांधा इतका स्वच्छ आहे की काल गवंड्याने थर दिल्यासारखा वाटतो.

खाली उतरायचा मोह होतो. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तर जास्तच, आणि तिथेच तो फसतो. आपल्याकडे गड चढताना अंगात दम असतो, थकल्यावर उतार असतो. इथे सगळं उलटं. सकाळच्या गारव्यात उड्या मारत उतरायचं, आणि ऊन तापल्यावर, पाणी संपल्यावर, तेराशे-चौदाशे मीटर चढायचं. काठावर सुखद हवा असताना नदीकाठी त्याच्याहून दहा-अकरा अंश जास्त असतं, उन्हाळ्यात ४० च्या वर सहज. वर्षाला अडीचशेहून अधिक लोकांना इथून सोडवून आणावं लागतं, असं पार्कची पाटीच सांगते. आणि पलीकडे पोचायचं म्हटलं, तर उत्तर काठ डोळ्यांसमोर, सोळा किलोमीटरवर. गाडीने जायचं तर साडेतीनशे किलोमीटर आणि पाच तास.  जून-जुलैत जाणाऱ्याने पहाटे उतरावं, दहाच्या आत वळावं, आणि ‘अजून थोडं’ म्हणणाऱ्या पुतण्या-भाच्यांचं ऐकू नये.

मग दगड जातो कसा? कोलोरॅडोला आता दाराआडून सोडतात. वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण आहे आणि तिथून एरवी आठ ते वीस हजार क्युसेकच्या दरम्यान पाणी सुटतं. धरणाआधीची नदी वेगळीच होती. हिवाळ्यात ती दोन-तीन हजार क्युसेकवर यायची आणि रॉकी पर्वतातलं बर्फ वितळलं की लाखाकडे झेपावायची. १९२१च्या जूनमध्ये लीज फेरी नावाच्या ठिकाणी १ लाख ७० हजार क्युसेक पाणी गेलं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची धोंडे हलवायची ताकद अनेक पटींनी वाढते, त्यामुळे असा एक आठवडा शांत वर्षांच्या रांगेला भारी पडतो.

शिवाय दरी रुंद करण्याचं काम मोठ्या नदीचं नाहीच, ते बाजूच्या ओढ्यांचं. डिसेंबर १९६६ मध्ये उत्तर काठावर वादळी पाऊस झाला आणि क्रिस्टल क्रीक नावाच्या किरकोळ ओढ्याने चिखल आणि धोंड्यांचा लोंढा थेट नदीत आणून ओतला. तिथे नदीला आधी जेमतेम खळाळ होता. लोंढा येऊन गेल्यावर तोच खळाळ ग्रँड कॅन्यनमधल्या सर्वांत धोक्याच्या धबडग्यांपैकी एक झाला, आणि आजही आहे. नावाडी आजही क्रिस्टलच्या वर नाव लावून काठाने चालत जातात आणि आधी पाणी वाचतात. साठ वर्षांपूर्वी झालेली ही घटना भूशास्त्राच्या हिशेबात आत्ताची, ट्रेल ऑफ टाइमवर केसाच्या जाडीएवढीही नाही.

१९८३ मध्ये तर धरणच परीक्षेला बसलं. उशिरा पडलेलं बर्फ एकदम वितळलं, जलाशय तुडुंब भरला, आणि सांडव्याचे बोगदे उघडले तेव्हा वेगाने जाणाऱ्या पाण्यातल्या बुडबुड्यांनी बोगद्याचं काँक्रीट फोडून मागचा खडक पोखरला. बोगद्यांतून कमी पाणी सोडावं म्हणून दारांवर प्लायवूडच्या चार फुटी फळ्या उभ्या करण्यात आल्या. दोनशे सोळा मीटर उंच धरण आणि वर प्लायवूड! खाली दरीत ९२ हजार क्युसेक चाललं होतं. त्याच पुरात तीन नावाड्यांनी ‘एमराल्ड माइल’ नावाची लाकडी होडी घातली आणि एरवी दोन-दोन आठवडे लागणारी ४४६ किलोमीटरची दरी ३६ तास ३८ मिनिटांत पार केली. क्रिस्टलने त्यांची होडी उलटवली होती. ती त्यांनी सुलटी केली आणि पुढे गेले.

ॲन्टलोप कॅन्यन मोठ्या आकड्यांची जागा नाही. पेज गावाजवळ, नावाहो लोकांच्या भूमीत, वाळूच्या खडकातली ती एक फट आहे. वरची सुमारे दोनशे मीटर लांब, खालची चारशे. खोली छत्तीस-सदतीस मीटर, रुंदी काही ठिकाणी खांदे तिरके करावे लागतील इतकी. नावाहो वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही आणि जाऊही नये. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दुपारी बाराच्या आसपास वरच्या कॅन्यनमध्ये उन्हाचे खांब उतरतात आणि मग फोटोंची झुंबड. पीटर लिक या छायाचित्रकाराने इथेच काढलेला एक फोटो २०१४ मध्ये ६५ लाख डॉलरला विकल्याचा दावा केला होता. खरेदीदाराचं नाव बाहेर आलं नाही आणि जाणकारांनी भुवया उंचावल्या, पण रांगा वाढल्या.

मला तिथलं उजेडापेक्षा लाकूड लक्षात राहावं असं वाटतं. भिंतींवरच्या त्या गुळगुळीत लाटांवरून नजर वर न्यावी. डोक्याच्या बरंच वर, दोन भिंतींच्या मध्ये, झाडाचा वाळका ओंडका आडवा अडकलेला दिसतो. तो कोणी वर नेऊन ठेवलेला नाही. पाणी तिथवर होतं. पायाखालची वाळूही तीच नसते. पूर आला की ती हातभर वर येते किंवा खाली जाते आणि वाटाडे पुढच्या आठवड्यात नव्या पातळीवरून लोकांना नेतात.

पेजमध्ये वर्षभरात जेमतेम १६-१७ सेंटीमीटर पाऊस पडतो. पुन्हा सरासरी. इथे माती नाही, गवत नाही, उघडा खडक आहे. पडलेला पाऊस मुरत नाही, सगळाच्या सगळा उताराला लागतो. कित्येक चौरस किलोमीटरवरचं पाणी एका फटीत शिरतं तेव्हा त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. १२ ऑगस्ट १९९७ ला कॅन्यनच्या माथ्यावर नीट पाऊसही नव्हता. ढगफुटी झाली ती वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर दूर. खालच्या ॲन्टलोपमध्ये तेव्हा लाकडी शिड्या होत्या, त्या वाहून गेल्या. अकरा पर्यटक मेले. त्यांच्याबरोबरचा वाटाड्या कसाबसा वाचला. आता तिथे खडकात बोल्टने ठोकलेले पोलादी जिने आहेत, आणि वरच्या अंगाला पावसाची चिन्हं दिसली तरी फेऱ्या बंद होतात. अशा वेळी काउंटरवर ‘इथे तर ऊन आहे’ म्हणून हुज्जत घालणारे कमी नसतात. त्यांतले काही आपल्याच भाषेत कुरकुरतात.

हा खडक म्हणजे नावाहो सँडस्टोन. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचा समुद्र होता, पृथ्वीवर आजवर झालेल्या सर्वांत मोठ्या वाळवंटांपैकी एक. झायॉन नॅशनल पार्कच्या कड्यांत त्याची जाडी सहाशे मीटरच्या वर जाते. खडकावरच्या तिरक्या रेघा त्या टेकड्यांच्या कडा आहेत. वारा कुठून वाहत होता तेही त्यावरून सांगता येतं. म्हणजे वाऱ्याने जमवलेलं वाळवंट दगड झालं आणि आता दुसऱ्या वाळवंटातलं पाणी ते पुन्हा वाळू करतंय.

पेजपासून दहा मिनिटांवर हॉर्सशू बेंड. पार्किंगपासून एक-सव्वा किलोमीटर चालायचं, आणि जमीन संपते. तीनशे मीटर खाली नदी २७० अंशांत वळलेली. कठडा थोड्याच भागाला आहे, बाकी उघडा कडा. फोनच्या जमान्याआधी इथे तुरळक लोक यायचे, आता वर्षाला लाखोंनी येतात. मला इथे खटकतो तो पाण्याचा रंग. हिरवागार, नितळ, थंड. फोटोत फार सुरेख. धरणाआधी ही नदी गढूळ तांबडी होती, उन्हाळ्यात कोमट व्हायची. आता पाणी धरणाच्या पोटातून येतं आणि गाळ मागे राहतो. १९६३ ते २०१८ या काळात त्या गाळाने जलाशयाची जवळपास सात टक्के जागा खाल्ली. खाली ग्रँड कॅन्यनमधले वाळूचे किनारे मात्र भर मिळेना म्हणून झिजत गेले. शेवटी १९९६ मध्ये अभियंत्यांनी ठरवून पूर सोडला, ४५ हजार क्युसेक, आठवडाभर. तेव्हापासून अधूनमधून तो सोडावा लागतो. नदीला सरासरीवर आणून ठेवलं, आणि मग तिला पूर उसना द्यायची वेळ आली.

धरणामागचा जलाशय म्हणजे लेक पॉवेल. तीनशे किलोमीटर लांब, भरला तर सुमारे अकराशे टीएमसी. वेड्यावाकड्या घळींत शिरल्यामुळे त्याचा काठ ३,१५० किलोमीटर होतो. तो भरायला सतरा वर्षं लागली, १९६३ ते १९८०. २०२३च्या वसंतात तो पाव हिश्शाच्याही खाली होता, आणि कड्यांवर पाण्याची जुनी पातळी दाखवणारा पांढरा पट्टा कित्येक मजले उंच उघडा पडला होता. बोटीने फिरणाऱ्यांचा गाइड तो पट्टा दाखवून पुढे जातो. तो पट्टा कसा आला, हे या सगळ्या सहलीतलं सर्वांत महाग प्रकरण आहे.

१९२२ मध्ये सात राज्यांनी सांता फेला बसून ही नदी वाटून घेतली. वरच्यांना ३२७ टीएमसी, खालच्यांना ३२७. पुढे १९४४ च्या करारात मेक्सिकोला आणखी ६५. एकूण सातशेच्या वर. वाटणी ज्या नोंदींवर झाली ती वर्षं नेमकी ओली होती. पुढे झाडांच्या खोडांतली वर्तुळं मोजून मागच्या काही शतकांचा अंदाज काढला गेला. १९७६च्या त्या अभ्यासात उत्तर आलं ५९० टीएमसीच्या आसपास. या शतकात नदीने दिलं आहे साधारण ५४०. चार कोटी माणसं आणि लाखो एकर शेती या पाण्यावर आहे, आणि बहुतेक वर्षी नदी समुद्रापर्यंत पोचत नाही. कृष्णा आणि गोदावरीचे लवाद पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

जलाशयाला नाव ज्याचं दिलं त्या जॉन वेस्ली पॉवेलने हे सांगून ठेवलं होतं. यादवी युद्धात उजवा हात गमावलेला हा माणूस १८६९ मध्ये नऊ जणांसह चार होड्या घेऊन या अज्ञात दरीत शिरला आणि तीन महिन्यांनी सहा जण बाहेर पडले. एक जण वाटेतच सोडून गेला होता. तिघे शेवटच्या धबडग्याला घाबरून काठ चढून गेले आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत. त्यानंतर दोनच दिवसांनी पॉवेल सुखरूप बाहेर आला. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्याने सांगितलं की सगळ्या जमिनीला पुरेल इतकं पाणी इथे नाही, तुम्ही भांडणांचा वारसा गोळा करताय. सभेने त्याची हुर्यो उडवली.

परतीच्या वाटेवर फ्लॅगस्टाफ शहराहून वाट वाकडी केली, तर पूर्वेला तासाभराच्या आत मिटिओर क्रेटर लागतं. ती दरी नव्हे, पण सरासरीच्या गोष्टीला यापेक्षा चांगला जोड मला माहीत नाही. सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी पन्नासेक मीटर व्यासाचा लोखंड-निकेलचा गोळा इथे आदळला. सव्वा किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल खड्डा पडला. उडालेला दगड साडेसतरा कोटी टन, वेळ साधारण दहा सेकंद. ग्रँड कॅन्यनच्या सरासरी वेगाने तेवढा दगड हलवायला कोलोरॅडोला नव्वद वर्षं लागली असती.

डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने १९०३ मध्ये हा खड्डा ताब्यात घेतला. हे ज्वालामुखीचं नव्हे, उल्केचं काम आहे हे त्याने बरोबर ओळखलं होतं. खड्ड्याच्या आकारावरून त्याने हिशेब केला की खाली दहा कोटी टन लोखंड असणार. पाव शतक त्याने ड्रिल चालवलं. १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मोल्टनने गणित मांडून दाखवलं की गोळा तीन लाख टनांचाच असावा आणि आदळताना त्याचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बॅरिंजर हृदयविकाराने गेला. उल्केचा निर्विवाद पुरावा १९६० मध्ये युजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांनी दिला, धक्क्याने बदललेल्या गारेतून. आपल्या बुलढाण्याच्या लोणारचा निकाल त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी लागला. भारतीय आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी तळाशी ड्रिल करून धक्क्याने काच झालेलं बेसॉल्टमधलं खनिज बाहेर काढलं. लोणार १.८ किलोमीटर रुंद, म्हणजे मिटिओर क्रेटरहून मोठं, आणि काळ्या कातळातलं.

क्रेटरची मालकी अजून बॅरिंजरच्याच कुटुंबाकडे आहे. लोखंड निघालं नाही, पण प्रवेशशुल्क भरपूर जमतं. ग्रँड कॅन्यनसाठी काढलेला नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही, ॲन्टलोपला आणि हॉर्सशूच्या पार्किंगलाही नाही. खर्चाचा अंदाज करताना तेवढं धरून चालावं.